बाण आले, कमठा तिथंच राहिला

गेल्या भाद्रपदात, पोळा होऊन आठ दिवस झाले असतील, आमचा धाकटा परजिल्ह्यातल्या एका क्रीडा वसतिगृहातून घरी परत आला. सुटीला नव्हे, कायमचा. हातात एक वळकटी, एक पेटी आणि काखेत लांब नळकांडं. नळकांड्यात बारा कार्बनचे बाण होते. धनुष्य संस्थेचं, ते तिथंच ठेवून घेतलं. बाण आमच्या पैशाचे, म्हणून ते परत आले. कमठ्याशिवाय बाण म्हणजे जात्याशिवाय खुंटा. नळकांडं त्यानं माळवदाच्या खोलीत तुळईला टांगलं आणि तो खाली आला तो जणू तोंडाला कुलूप लावूनच.

आमचं गाव अचलपूर तालुक्यात, मेळघाटच्या डोंगराच्या पायथ्याशी. साडेतीन एकर संत्रा, थोडी तूर-कपाशी, आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं लहानसं किराणा दुकान. पोराला तिरंदाजीला धाडलं तेव्हा गावात हसणारे होते. पण आम्ही ऐकून होतो. सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव, मायबाप मजुरी करणारे. तो आपल्या अमरावतीच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि २०२१ साली टोकियोच्या ऑलिंपिकला जाऊन आला. मग २०२३ साली बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी एकाच स्पर्धेत जगज्जेते झाले. शेजारच्यांच्या पोरांनी असं केलं की आईबापाच्या मनात हलतंच. आंबिया बहाराचा बगीचा व्यापाऱ्याला दिला, त्या पैशातून बाण घेतले. दोन वर्षांत पोराचे गुण वाढले नाहीत, खांदा दुखू लागला, आणि एका दुपारी त्याचं नाव यादीतून गेलं. कोणाचा दोष, हे मी आता शोधत नाही. तेव्हा मात्र रात्र-रात्र शोधत होते.

घरी आल्यावर तो कामाला नाही म्हणत नसे. पाणी दे म्हटलं की पाणी देई, फवारा मार म्हटलं की फवारा मारी. पण बोलणं ‘हो’ नाहीतर ‘नाही’. मायबहिणींनो, तरणं पोर रागावलं, भांडलं, तर निभावता येतं. गप्प बसलं की घरातली भांडीसुद्धा हळू ठेवावी लागतात.

आमच्या बगीच्यात वीस वर्षांपासून एक कोरकू गृहस्थ काम करतात. पोरं त्यांना मामा म्हणतात, म्हणून मीही मामाच म्हणते. धारणीकडच्या एका ढाण्यावरचे. दिवाळीनंतर एकदा ते माळवदावर लसूण टांगायला चढले आणि खाली येताना नळकांडं घेऊनच आले. एक बाण काढला, दोन हातांच्या बोटांवर आडवा धरला, अंगठ्यांनी मधोमध दाबला. मग नाक मुरडून म्हणाले, “हा तं लोखंडावाणी ताठ हाय, बाई. तीराले कमरेतून लचकता आलं पायजे.”

धाकटा ओसरीवर बसला होता. त्यानं मान वर केली. बोलला नाही, पण पाहत राहिला.

मामांच्या आज्याच्या काळी तीरकमठा घराघरात असायचा. १९७२चा वन्यजीव कायदा आला, पाठोपाठ १९७४ साली मेळघाट वाघासाठी राखीव झाला, आणि शिकार संपली ती बरीच झाली. मामांनी मात्र कमठा करणं सोडलं नव्हतं. ते म्हणाले, “पोट्ट्याले एक करून देतो. हात रिकामा असला की डोक्सं भरते.”

त्यांनी बेटातला तीन वर्षांचा जून बांबू निवडला. कोवळा बांबू वाळला की आक्रसतो आणि त्यात जोर नसतो. तो चिरून दोन महिने गोठ्याच्या आढ्याला सावलीत ठेवला. माघात काढून तासला, विस्तवावर शेकून बाक दिला. वरच्या सालीला मात्र चाकू लावू दिला नाही. बांबूचा सगळा जोर सालीखालच्या धाग्यांत असतो, तो धागा तुटला की कमठा तिथूनच चिरफाळतो. दोरीसुद्धा बांबूच्याच कामटीची केली होती. पण कार्बनच्या बाणाची प्लास्टिकची खाच त्या जाड कामटीवर बसेना. तेव्हा धाकटा उठला, पेटीतून पॉलिएस्टरच्या धाग्याचं रीळ काढलं आणि रात्री कंदिलाएवढ्या उजेडात बसून दोरी वळली. (वीज होती, पण त्यानं दिवा लावला नाही. का ते मी विचारलं नाही.) खाच दोरीवर नीट बसली का ते बघायची त्याची रीत साधी. दोरी आडवी धरायची, बाण खाली लोंबकळू द्यायचा. बाण आपोआप टिकला पाहिजे आणि दोरीला टिचकी मारली की गळून पडला पाहिजे. गळाला नाही तर खाच घट्ट, आपसूक पडला तर सैल.

शेततळ्याच्या मातीच्या बांधासमोर कडब्याच्या पेंढ्या पोत्यात दाबून भरल्या आणि निशाण उभं केलं. मागं बांध उंच, पलीकडं वाट नाही, हे आधी पाहून घेतलं. पहिला बाण सुटला तो पोत्याच्या डावीकडून बांधात. दुसरा डावीकडे. तिसराही डावीकडेच, आणि मुठीवर खट्‌ असा आवाज. चार दिवस हेच. पाचव्या दिवशी त्यानं बाण नळकांड्यात भरले आणि पुन्हा तुळईला टांगले.

आता ह्यांचं ऐका. आमच्या ह्यांचा स्वभाव असा की पंप बिघडला तर मेकॅनिक यायच्या आत खोलून ठेवतील. ह्यांनी पाहिलं की बाण पूर्ण ओढल्यावरही तीन इंच कमठ्याच्या पुढं निघतो. ह्यांच्या मनानं घेतलं की ह्या जास्तीच्या लांबीनंच तो वाकडा जातो. पोरगा बगीच्यात असताना ह्यांनी लोखंड कापायची करवत घेतली आणि दोन बाण अडीच-अडीच इंच कापून टाकले. कार्बनचे धागे टोकाशी फाटले ते वेगळंच.

पोरगा संध्याकाळी आला, ते दोन तुकडे ओट्यावर पडलेले. मी चुलीपाशी होते. माझ्या पोटात गोळा आला. आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचा आवाज घरात घुमला.

“बाबा, कापल्यानं तो अजून ताठ होते! लांब होता तोच बरा होता! तुमाले काही इचाराचं नाही का?”

ह्यांची मान खाली. पण वाचकहो, खरं सांगू? मला त्या रागाचा आनंद झाला. मी पदरानं डोळे पुसले आणि धुराचं निमित्त केलं.

ह्यांनी थोड्या वेळानं विचारलं, “मंग ताठ कायले म्हणतात, ते तरी सांग.” पोरगा फणफणत होता, पण प्रश्न त्याच्या विषयातला. त्यानं चुलीतला कोळसा घेऊन फरशीवर काढून दाखवलं. मला समजलं ते मी माझ्या भाषेत सांगते.

दोरी सुटली की ती कमठ्याच्या मध्याकडे धावते. बाण मात्र मुठीच्या डाव्या अंगाला टेकलेला. म्हणजे बाणाचं शेपूट मध्याकडे चाललं आणि तोंड डावीकडे वळलेलं. असा बाण सरळ जायचा कसा? तो जातो, कारण मागून धक्का बसला की तो माशासारखा वाकतो. एकदा इकडं, एकदा तिकडं, आणि मुठीला वळसा घालून निघून जातो. १९३०च्या दशकात अमेरिकेत हिकमन नावाच्या शास्त्रज्ञानं वेगवान कॅमेऱ्यानं चित्रं घेऊन हे लोकांना दाखवलं, तोवर डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून पुष्कळांना पटतही नव्हतं. मामांना ते कॅमेऱ्याशिवाय ठाऊक होतं. हल्लीच्या स्पर्धेच्या धनुष्याची मूठ मधोमध कोरलेली असते, तिथं बाणाला थोडंच वाकावं लागतं, म्हणून ताठ बाण चालतो. बांबूच्या कमठ्याला अशी खोबण नाही. तिथं बाणाला जास्त वळसा घ्यावा लागतो. ताठ बाण वाकत नाही, मुठीला थडकतो आणि उजव्या हातानं ओढणाऱ्याचा बाण डावीकडे फेकला जातो. फार लवचीक असला तर उलट, उजवीकडे.

काठी आखूड केली की ताठ होते, हे तर आपण बायका लाटण्यावरून आणि काडीवरून जाणतोच. लांब काडी लवते, आखूड मोडते. ह्यांनी नेमकं उलटं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोरानं माझ्या दुकानात येऊन वजनं मागितली. म्हणाला, “आठशे ऐंशी ग्रॅम पायजेत, आई.” पाचशे, दोनशे, शंभर, पन्नास, वीस आणि दहा. बरोबर आठशे ऐंशी झाली. दुकानात त्या दिवशी कोणाला पाव किलोसुद्धा मोजून देता येईना, पण मी कुरकुरले नाही. त्यानं फळीवर दोन खिळे ठोकले, एकमेकांपासून अठ्ठावीस इंचांवर, म्हणजे एकाहत्तर सेंटिमीटर. खिळ्यांवर बाण आडवा ठेवायचा, मधोमध पिशवीत वजनं टांगायची आणि बाण किती खाली लवला ते पट्टीनं मोजायचं. ह्यालाच खेळाडू स्पाइन म्हणतात. कार्बनच्या बाणावर जो आकडा छापलेला असतो तो हाच, इंचाचे हजार भाग करून. आमच्या बाणांवर ७०० होते. पट्टीवर अठरा मिलिमीटरला एक केस कमी भरले, म्हणजे आकडा खरा. आकडा जितका मोठा तितका बाण लवचीक, ही गोष्ट उलटी वाटते, पण ध्यानात ठेवावी. मग मामांचा बांबूचा बाण ठेवला. तो सव्वीस मिलिमीटर लवला. मामांनी आयुष्यात पट्टी हातात धरली नव्हती. त्यांचे पाच बाण मोजले, पाचही पंचवीस ते सत्तावीसच्या आत.

“बोटाले समजते,” मामा म्हणाले, आणि त्यांनी बिडी पेटवली.

कमठ्याचा जोर मोजायला कापसाचा लोंबता काटा कामी आला. मूठ खुंटीला अडकवली, दोरीला काटा लावून पोराच्या नेहमीच्या ओढीइतका ताणला. चौदा किलो. संस्थेचं धनुष्य सतरा किलोचं होतं आणि वर मूठ कोरलेली. बाण त्याच्यासाठी घेतलेले. म्हणजे बाणाची चूक नव्हती, कमठ्याचीही नव्हती. दोघांची सोयरीक जमली नव्हती, इतकंच.

नवे बाण घ्यायला पैसा नव्हता. पोरगा म्हणाला, टोक जड केलं तर बाण जास्त वाकतो. पुढं ओझं असलं की मागून धक्का बसताना मधली काठी लवते. टोक साडेसहा ग्रॅमचं होतं. अकोल्याला माझं माहेर, माझा भाऊ तिथं एमआयडीसीत लेथवर काम करतो. त्याला फोन केला. त्यानं सहा मिलिमीटरच्या पितळी सळईचे सतरा-सतरा मिलिमीटरचे तुकडे कापून, घासून, आगपेटीत भरून एस.टी.च्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर पाठवले. एकेक तुकडा चार ग्रॅमचा. परतवाड्याच्या सोनारानं आपल्या काट्यावर ते मोजून दिले, आणि पितळ मोजायला आलेलं पहिलंच गिऱ्हाईक म्हणून चहा पाजला. ह्यांनी कापलेल्या दोन बाणांना मात्र इलाज नव्हता. ते फळीवरच्या खिळ्यांना पुरतसुद्धा नव्हते.

टोकं गरम वितळणाऱ्या डिंकानं बसवलेली होती. ती काढायला मी पाणी तापवून दिलं. विस्तवावर धरायची नाहीत, कार्बन जळतो. टोक पाण्यात बुडवून फडक्यानं ओढलं की निघतं. आत पितळ सरकवलं, टोक परत बसवलं. प्लास्टिकची पाती खरवडून टाकली, कारण ह्या कमठ्यावर बाण मुठीवरच्या बोटाला घासून जातो. प्लास्टिक घासलं की बाणाला धक्का देतं, पीस घासलं की मिटतं आणि पुन्हा उघडतं. भावानंच टर्कीची पिसं मागवून दिली. एका बाणाला तिन्ही पिसं एकाच बाजूच्या पंखाची हवीत, नाहीतर वळण एकमेकांविरुद्ध जातं. मूठ धरलेल्या बोटाला मी जुन्या चादरीची पट्टी शिवून दिली, पिसाचं टोक कातडी फाडतं म्हणून.

दोन बाणांना मुद्दाम पिसं लावली नाहीत. ही परीक्षा मला फार आवडली. पीस म्हणजे बाणाला मागून सावरणारा हात. चुकीचा निघालेला बाणही पीस सरळ करून घेतं, म्हणून पिसाच्या बाणावरून खोट कळत नाही. उघडा बाण लपवाछपवी करत नाही. पंधरा पावलांवरून तीन पिसांचे आणि दोन उघडे बाण सोडायचे आणि उघडे कुठं लागले ते बघायचं. पहिल्या दिवशी उघडे बाण पिसाच्या बाणांच्या डावीकडे एक वीत आणि जरा खाली. खाली, म्हणजे दोरीवर बाण टेकवायची जागा फार वर होती. पोरानं दोरा सोडून गाठ थोडी खाली आणली. डावी वीत मात्र उरली. पितळानं पूर्वीपेक्षा पुष्कळ फरक पडला होता, पण पुरता नाही.

तीन दिवस तो त्याच विचारात जेवला. मग मामा आले, मूठ हातात घेतली आणि ह्यांच्याकडे बघून हसले. ह्यांनी हौसेनं मुठीवर सुतळीचे दोन थर आणि वर रेक्झिन गुंडाळलं होतं, धरायला बरं म्हणून! तेवढ्या जाडीनं बाण मध्यापासून आणखी लांब गेला होता. मामांनी चाकूनं सगळं उलगडून टाकलं. “आता पाय,” म्हणाले.

उघडे दोन्ही बाण पिसाच्या बाणांच्या बाजूला जाऊन लागले. चार बोटांचं अंतर. खट्‌ आवाजही गेला, नुसती दोरीची सळसळ. पोरगा पोत्यापर्यंत चालत गेला आणि बराच वेळ तिथंच उभा राहिला. ह्यांनी मला कोपरानं ढोसलं. “माही दोन्ही कामं उलटीच झाली,” म्हणाले. मी म्हटलं, “झाली तं झाली. पोट्टा बोलला न.”

मग रोज संध्याकाळी धनुष्याचं काम. मामांचा नातू येऊ लागला, दुकानात गोळ्या घ्यायला येणारी दोन पोरं येऊ लागली. धाकट्यानं नियम केले. कोणी सोडत असताना पुढं जायचं नाही, मोकळी दोरी ओढून सोडायची नाही, त्यानं कमठा फुटतो. आणि फार हलका बाणही लावायचा नाही, तो मोकळ्या दोरीचाच भाऊ. एकदा एक बाण बांधातल्या दगडावर आपटला. वरून काही दिसत नव्हतं. त्यानं तो कानाजवळ धरून वाकवला, मला ऐकवला. आत बारीक करकर होत होती. त्यानं तिथल्या तिथं मोडून टाकला. चिरलेला कार्बन सुटताना फुटला तर त्याच्या कुसळ्या हातात घुसतात आणि काढता निघत नाहीत. बगीच्याच्या पैशाचा बाण असा मोडताना माझ्या जिवाला लागलं, पण पोरगा थांबला नाही. ते बघून वाटलं, तिथं दोन वर्षांत हा काहीतरी शिकून आला आहे.

एकदा मी विचारलं, परत जायचं आहे का, अमरावतीला चौकशी करू का. म्हणाला, “खांदा बरा होऊ दे. मंग पाहू.” पूर्वी त्यानं ‘नाही’ म्हटलं असतं आणि उठून गेला असता. आता तो बसून राहिला आणि वांग्याची भाजी आणखी मागून घेतली.

आता आषाढ लागला आहे. चार दिवस डोंगरावरून झड उतरली, आज उघाड मिळाली. संध्याकाळी पोरांनी बाण सोडले तर सगळे पुन्हा डावीकडे. लहान पोरं हिरमुसली. धाकटा मात्र घाबरला नाही. त्यानं कापसाचा काटा काढला आणि दोरी ओढून पाहिली. साडेबारा किलो. ओल्या हवेनं बांबू सुस्तावला, दीड किलोचा जोर गेला, आणि तेच बाण त्याला परत ताठ झाले. मामा म्हणाले, कमठा चुलीवरच्या माळ्याला टांगा, धुरानं सुकंल. ह्यांनी विचारलं, “मुठीवरचं काही काढू का?” तिघंही एकदम ‘नाही’ म्हणाले.

अकोल्याला भावाला फोन लावून झाला आहे, ह्या खेपेला बावीस मिलिमीटरचे तुकडे पाठव म्हणून. दुकानातली वजनं सकाळपासून फळीवर आहेत, आणि आताच शेजारची मुलगी पावशेर साखर मागायला आली होती. तिला अंदाजानंच दिली, जरा जास्तच.